मुदत नसलेल्या ठेवी आणि बँकांचे रोख प्रवाह नियोजन : चेन्नईचा अनुभव

बँकेकडे जमा होणाऱ्या ठेवींचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. मुदत ठेव केव्हा परत करावयाची याची तारीख ठेव स्वीकारतानाच ठरलेली असते. बचत आणि चालू खात्यांतील ठेवींना मात्र अशी तारीख नसते. खातेदार उद्या सकाळी सर्व रक्कम काढून नेऊ शकतो किंवा तीच रक्कम वीस वर्षे खात्यात राहू शकते. या ठेवींना मुदतरहित ठेवी असे म्हटले जाते. त्यांच्यावर द्यावे लागणारे व्याज तुलनेने कमी असते, चालू खात्यांवर तर ते सर्वसाधारणपणे नसतेच. त्यामुळे प्रत्येक बँकेला या ठेवी हव्या असतात. परंतु ज्या पैशाला परतीची तारीख नाही, त्याच्या आधारे पाच किंवा दहा वर्षांचे कर्ज किती प्रमाणात द्यावे, हा बँक व्यवस्थापनातील मूलभूत प्रश्न आहे. आजच्या बँकिंग संगणक प्रणालींमध्ये या प्रश्नाचे उत्तर 'रोख प्रवाहाचा आकृतिबंध' या स्वरूपात नोंदविलेले असते. हा आकृतिबंध कसा तयार होतो, त्याची उपयुक्तता कोणती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यासाठी चेन्नई शहराचा बँकिंग इतिहास उद्बोधक ठरतो.

मद्रासमधील १९०६ चा धडा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासमध्ये पॅरी, बिनी आणि अर्बथनॉट या तीन मोठ्या ब्रिटिश व्यापारी पेढ्या होत्या. अर्बथनॉट पेढी व्यापाराबरोबरच लोकांच्या ठेवीही स्वीकारत असे. नोकरदार, निवृत्त कर्मचारी आणि लहान व्यापारी यांची बचत तिच्याकडे जमा होती. पेढीचा पैसा मात्र लंडनमधील सहयोगी संस्थेमार्फत सट्टेबाजीत आणि लवकर मोकळ्या न होणाऱ्या व्यवहारांत अडकला होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये पेढीने देणी देणे थांबविले आणि असंख्य कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी बुडाली.

या घटनेनंतर मद्रासमधील भारतीयांनी स्वतःची बँक उभारण्याचा निर्धार केला. वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये इंडियन बँकेची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी तिचे कामकाज सुरू झाले. पुढे १९३७ मध्ये एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली. या दोन्ही बँकांची मुख्यालये आजही चेन्नईत आहेत. बँकिंगसाठी संगणक प्रणाली विकसित करणारे एक महत्त्वाचे केंद्र म्हणूनही हे शहर ओळखले जाते. पोलारिस आणि तिच्यातून वेगळी झालेली इंटलेक्ट डिझाइन अरेना या कंपन्या येथेच वाढल्या.

अर्बथनॉट पेढीच्या पतनाचे तांत्रिक कारण आजच्या परिभाषेत 'मुदतीतील विसंगती' असे सांगता येईल. देणी मागताक्षणी द्यावयाची होती आणि येणी दीर्घकाळ अडकलेली होती. ही विसंगती पूर्णपणे टाळणे कोणत्याही बँकेला शक्य नाही, कारण अल्पमुदतीच्या बचतीचे दीर्घमुदतीच्या कर्जात रूपांतर करणे हेच बँकेचे कार्य आहे. विसंगती किती आहे हे मोजणे आणि ती मर्यादेत ठेवणे मात्र शक्य आहे.

रिझर्व्ह बँकेची चौकट

आर्थिक उदारीकरणानंतर व्याजदर बाजारानुसार ठरू लागले आणि बँकांपुढील जोखीम वाढली. या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी १९९९ मध्ये मत्ता-दायित्व व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ती १ एप्रिल १९९९ पासून अमलात आली. बँकेची सर्व येणी आणि देणी १ ते १४ दिवसांपासून ५ वर्षांपेक्षा अधिक काळापर्यंतच्या ८ कालखंडांत विभागून प्रत्येक कालखंडातील तूट किंवा वाढावा दाखविणे बँकांना बंधनकारक करण्यात आले. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिल्या कालखंडाचे दुसरा दिवस, २ ते ७ दिवस आणि ८ ते १४ दिवस असे तीन भाग करण्यात आले. या तीन कालखंडांत आणि १५ ते २८ दिवसांच्या कालखंडात तूट अनुक्रमे ५, १०, १५ आणि २० टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावी असे ठरविण्यात आले. हे प्रमाण एकत्रित बाह्य रोख प्रवाहाशी मोजावयाचे होते.

मुदत ठेव कोणत्या कालखंडात दाखवावी हे तिच्या परतीच्या तारखेवरून कळते. मुदतरहित ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने एक स्थूल प्रमाण सुचविले. बचत ठेवींचा १० टक्के आणि चालू ठेवींचा १५ टक्के भाग अस्थिर समजून तो सर्वांत जवळच्या कालखंडात दाखवावा, तर उरलेला स्थिर भाग १ ते ३ वर्षांच्या कालखंडात दाखवावा, असे ते प्रमाण होते. स्थिर भागाला 'गाभा ठेवी' असेही म्हणतात. हे प्रमाण केवळ आधारभूत होते. ज्या बँका आपल्या खातेदारांच्या वर्तनाचा अभ्यास करू शकतात, त्यांना मत्ता-दायित्व समिती किंवा संचालक मंडळाच्या मान्यतेने स्वतःचे प्रमाण ठरविण्याची मुभा होती. हे स्वतःचे प्रमाण म्हणजेच संगणक प्रणालीतील आकृतिबंध होय.

स्थिर आणि अस्थिर भागाची कल्पना पूर्वीपासूनही प्रचलित होती. रोख राखीव प्रमाणाच्या गणनेसाठी बँका बचत ठेवींची मागणी दायित्व आणि मुदत दायित्व अशी विभागणी करीत आल्या आहेत. सहामाहीतील प्रत्येक महिन्याच्या किमान शिलकेची सरासरी मुदत दायित्व मानली जाते आणि त्यावरील भाग मागणी दायित्व मानला जातो. खात्यातील जी रक्कम महिनाभर खाली उतरत नाही ती व्यवहारतः मुदत ठेवीसारखीच असते, हे त्यामागील तत्त्व आहे.

संगणक प्रणालीतील आकृतिबंध

कोअर बँकिंग प्रणालीत प्रत्येक योजनेचे नियम एकदाच नोंदविलेले असतात. मुदत ठेवीच्या नोंदीवरून प्रणाली भावी रोख प्रवाहाचे वेळापत्रक आपोआप तयार करते. बचत खात्याच्या बाबतीत परतीची तारीख हा रकानाच रिकामा असतो. त्यामुळे अशा योजनेला स्वतंत्र तक्ता जोडावा लागतो. या तक्त्यात शिलकेचा किती टक्के भाग किती दिवसांनी बाहेर जाईल असे गृहीत धरावयाचे, हे लिहिलेले असते. सर्व टक्केवारींची बेरीज १०० असणे आवश्यक असते. दररोज कामकाज संपल्यावर प्रणाली प्रत्यक्ष शिल्लक घेते, तक्त्यानुसार तिची विभागणी करते आणि तयार झालेले काल्पनिक प्रवाह इतर येणी-देणींबरोबर तरलता विवरणपत्रात मिळविते.

कर्जाच्या बाजूलाही कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्ट या निश्चित परतफेड नसलेल्या योजना असतात. त्यांतील उचल हंगामानुसार बदलते. म्हणून तिच्या अभ्यासावरून त्यांचाही स्थिर आणि अस्थिर भाग ठरविला जातो.

तक्त्याची आखणी करताना काही पथ्ये पाळावी लागतात. तक्ता नसलेली एखादी नवी योजना सुरू झाली तर तिची संपूर्ण शिल्लक चुकीच्या कालखंडात जाऊ शकते. तक्ता बदलल्यास तो कोणत्या तारखेपासून लागू झाला याची नोंद हवी, अन्यथा मागील महिन्याचे विवरणपत्र पुन्हा काढल्यास वेगळे आकडे दिसतील. बदल नोंदविणारा आणि त्यास मान्यता देणारा अधिकारी वेगवेगळा असणे हा तर बँकिंगमधील सर्वमान्य नियम आहे.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, एका बँकेकडे १,००० कोटी रुपयांच्या बचत ठेवी आणि ४०० कोटी रुपयांच्या चालू ठेवी आहेत. आधारभूत प्रमाणानुसार अस्थिर भाग अनुक्रमे १०० कोटी आणि ६० कोटी, म्हणजे एकूण १६० कोटी रुपये होतो. उरलेले १,२४० कोटी रुपये १ ते ३ वर्षांच्या कालखंडात जातात. बँकेच्या तक्त्यानुसार अस्थिर भागापैकी २० टक्के दुसऱ्याच दिवशी, ३० टक्के २ ते ७ दिवसांत आणि ५० टक्के ८ ते १४ दिवसांत बाहेर जातील. हे आकडे ३२, ४८ आणि ८० कोटी रुपये होतात.

दुसऱ्या दिवशी मुदत ठेवींपोटी आणखी २८ कोटी रुपये द्यावयाचे असतील, तर त्या दिवसाचा एकूण बाह्य प्रवाह ६० कोटी रुपये होईल. त्याच दिवशी ५० कोटी रुपये येणार असतील तर तूट १० कोटी रुपये राहील. ५ टक्क्यांच्या मर्यादेनुसार केवळ ३ कोटी रुपयांची तूट चालू शकते. त्यामुळे बँकेला आणखी ७ कोटी रुपयांची तजवीज करावी लागेल.

आता तक्त्यातील २० टक्क्यांच्या जागी १० टक्के लिहिले आणि तेवढी रक्कम पुढील कालखंडांत ढकलली, तर पहिल्या दिवसाचा बाह्य प्रवाह ४४ कोटी रुपयांवर येतो. १० कोटींच्या तुटीऐवजी ६ कोटींचा वाढावा दिसू लागतो. प्रत्यक्षात एकाही खातेदाराचे वर्तन बदललेले नसते, बदललेला असतो तो फक्त तक्त्यातील एक आकडा. आकृतिबंधासाठी समितीची मान्यता, आकडेवारीचा आधार आणि नियमित पडताळणी का आवश्यक आहे, याचे उत्तर या उदाहरणात आहे.

आकडेवारीतून वर्तनाचा शोध

आकृतिबंध ठरविण्यासाठी बँका मागील अनेक वर्षांच्या दैनंदिन शिलकांचा अभ्यास करतात. त्यातून वाढीचा कल, हंगामी चढउतार आणि अनपेक्षित हालचाल हे तीन घटक वेगळे काढले जातात.

हंगामी घटक समजण्यास चेन्नईतील शाखांचा विचार उपयोगी पडेल. नोकरदारांच्या वस्तीतील शाखेत महिन्याच्या प्रारंभी पगार जमा होऊन शिल्लक चढते आणि घरभाडे, हप्ते व किराणा यांमुळे ती उतरत जाते. जानेवारीतील पोंगल, जूनमधील शाळांचे शुल्क, आडी महिन्यात त्यागराय नगरच्या बाजारपेठेत लागणारे सवलतींचे सेल, अक्षय्य तृतीयेची सोनेखरेदी आणि दीपावली या काळांत पैसा खात्यांतून बाहेर पडतो. कोयंबेडूच्या घाऊक बाजारातील व्यापाऱ्याचे चालू खाते मात्र दररोज भरते आणि रिकामे होते. एकाच बँकेच्या दोन शाखांना एकच तक्ता लावणे म्हणूनच चुकीचे ठरू शकते. अनेक प्रणालींमध्ये ग्राहकाच्या प्रकारानुसार वेगवेगळे तक्ते जोडण्याची सोय यासाठीच असते.

अभ्यासातील एक नेहमीची चूक येथे लक्षात घेण्याजोगी आहे. समजा, बँकेची एकूण बचत शिल्लक वर्षभरात १,००० कोटींवरून १,०५० कोटींवर गेली. वरवर पाहता ठेवी स्थिर आहेत असे वाटेल. परंतु वर्षाच्या प्रारंभी असलेल्याच खात्यांचा मागोवा घेतल्यावर त्यांतील शिल्लक ८५० कोटींवर आल्याचे दिसले, तर उरलेले २०० कोटी रुपये नव्या खात्यांमधून आलेले असतात. जुन्या ठेवी वर्षाला १५ टक्के दराने ओसरत आहेत, हे सत्य एकूण बेरजेत झाकले जाते. नवी खाती येणे थांबले की ते उघड होते.

तरलता आणि व्याजदर : दोन वेगळे प्रश्न

'पैसा केव्हा बाहेर जाईल' आणि 'त्यावरील व्याज केव्हा बदलेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यामुळे एकाच ठेवीसाठी दोन आकृतिबंध लागतात. १९९९ च्या तत्त्वांत बचत ठेवींचा स्थिर भाग तरलतेसाठी १ ते ३ वर्षांत, तर व्याजदर संवेदनशीलतेसाठी ३ ते ६ महिन्यांच्या कालखंडात दाखविण्यास सांगितले होते. चालू ठेवी व्याजदरास असंवेदनशील मानल्या होत्या.

त्या काळी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून ते दररोजच्या शिलकेवर मिळू लागले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बचत ठेवींचा व्याजदर ठरविण्याचे स्वातंत्र्य बँकांना देण्यात आले. या दोन निर्णयांनी खातेदारांच्या वर्तनाची जुनी गणिते बदलली. बासेल समितीने एप्रिल २०१६ मध्ये व्याजदर जोखमीविषयीची मानके प्रसिद्ध करताना गाभा ठेवींवर कमाल मर्यादा घातली. किरकोळ ग्राहकांच्या व्यवहार खात्यांसाठी गाभा भाग ९० टक्क्यांपेक्षा आणि त्याची सरासरी मुदत ५ वर्षांपेक्षा अधिक धरता येत नाही. घाऊक ठेवींसाठी ही मर्यादा ५० टक्के आणि ४ वर्षे आहे. या विषयावरील रिझर्व्ह बँकेची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२३ मध्ये जारी झाली.

आकृतिबंध मोडतो तेव्हा

मागील अनुभव पुढेही कायम राहील, हे प्रत्येक आकृतिबंधाचे गृहीतक असते. असाधारण परिस्थितीत ते टिकत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाल्यावर बचत आणि चालू खात्यांत पैशाचा असा ओघ आला की, रिझर्व्ह बँकेने १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर १०० टक्के रोख राखीव प्रमाण काही काळ लागू केले. डिसेंबरमध्ये ते मागे घेण्यात आले. चेन्नईत याच सुमारास, १२ डिसेंबर २०१६ रोजी, वरदा चक्रीवादळ धडकले आणि वीज व दूरसंचार सेवा विस्कळीत झाल्या. खात्यात शिल्लक असणे आणि हातात रोकड मिळणे यांतील अंतर त्या दिवसांत नागरिकांनी अनुभवले.

याहून गंभीर उदाहरण लक्ष्मी विलास बँकेचे आहे. १९२६ मध्ये करूर येथे स्थापन झालेल्या या बँकेचे कॉर्पोरेट कार्यालय चेन्नईत होते. थकीत कर्जे आणि सततचा तोटा यांमुळे सप्टेंबर २०१९ मध्ये ती त्वरित सुधारणात्मक कारवाईच्या चौकटीत आली. सप्टेंबर २०२० मध्ये भागधारकांनी अनेक संचालकांची नियुक्ती नाकारली. त्या वेळी बँकेने आपले तरलता व्याप्ती गुणोत्तर सुमारे २६२ टक्के असल्याचे जाहीर केले होते. पुढील ३० दिवसांच्या तणावकाळात अपेक्षित निव्वळ बाह्य प्रवाहाच्या तुलनेत बँकेकडे उच्च प्रतीची तरल मत्ता किती आहे, हे हे गुणोत्तर दाखविते. तरीही ठेवी बाहेर जात राहिल्या. १७ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बँकेवर अधिस्थगन लागू केले आणि पैसे काढण्यावर प्रति ठेवीदार २५,००० रुपयांची मर्यादा घातली. वैद्यकीय उपचार, उच्च शिक्षण, विवाह अशा कारणांसाठी अपवादाची तरतूद होती. २७ नोव्हेंबर २०२० रोजी बँकेचे डीबीएस बँक इंडियामध्ये विलीनीकरण होऊन निर्बंध उठले आणि ठेवीदारांची रक्कम सुरक्षित राहिली.

दहा दिवसांचा हा काळ अल्प वाटला, तरी पगार, निवृत्तिवेतन किंवा दुकानाचे खेळते भांडवल त्या खात्यात असणाऱ्यांसाठी तो लहान नव्हता. बँकेचे भांडवल क्षीण झाले आणि त्याची चर्चा सुरू झाली की सर्वसाधारण काळातील वर्तनावर आधारलेली टक्केवारी निरुपयोगी ठरते. तरलतेचे गुणोत्तर भांडवलाची उणीव भरून काढू शकत नाही.

डिजिटल युगातील गती

पूर्वी बँकेवरील अविश्वास शाखेबाहेरील रांगेतून व्यक्त होत असे आणि रांगेला स्वतःची गती होती. २०१६ मध्ये युपीआय सुरू झाले, डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास उपलब्ध झाले. आता रात्री किंवा सुटीच्या दिवशीही ठेव दुसऱ्या बँकेत हलविता येते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी काढल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ती बंद करण्यात आली.

या अनुभवांची दखल नियमांमध्ये घेतली जात आहे. तरलता व्याप्ती गुणोत्तराच्या गणनेत किरकोळ ठेवींपैकी स्थिर ठेवींचा ५ टक्के आणि कमी स्थिर ठेवींचा १० टक्के भाग ३० दिवसांत बाहेर जाईल असे गृहीत धरले जात असे. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंगची सुविधा असलेल्या किरकोळ व लहान व्यावसायिकांच्या ठेवींसाठी त्यात २.५ टक्क्यांची भर घालण्याचा आणि ती १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचा निर्णय जाहीर केला. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आल्यास विमाधारक ठेवीदारांना ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूदही झाली आहे. विमा असलेला लहान ठेवीदार घाईने पैसे काढत नाही. त्यामुळे ठेव विमा हा ठेवीदाराइतकाच बँकेच्या गाभा ठेवींचाही आधार ठरतो.

समारोप

मुदतरहित ठेवीची खरी मुदत खातेदाराच्या विश्वासावर अवलंबून असते. संगणक प्रणालीतील आकृतिबंध हा त्या विश्वासाचा मागील अनुभवावरून केलेला अंदाज होय. तो आकडेवारीवर आधारलेला असावा, ग्राहकवर्गानुसार वेगळा असावा, ठरावीक काळाने पडताळला जावा आणि तणावाच्या परिस्थितीत त्याचे काय होईल याची चाचणी घेतली जावी. त्याच्या जोडीला पुरेसे भांडवल, तरल मत्ता आणि दक्ष संचालक मंडळ हवे. १९०६ मध्ये मद्रासच्या ठेवीदारांना आपल्या पैशाचे काय झाले हे पेढी बंद पडल्यावरच कळले. आज बँकेचे व्यवस्थापन आणि नियामक यांना रोजची तूट रोज पाहता येते. या माहितीवर वेळीच कृती झाली, तरच सामान्य बचतदाराला तिचा लाभ मिळेल.